नव्याचे नऊ दिवस सरल्यावर: अपरिचित लिनक्स डिस्ट्रो रोजच्या कामासाठी कशी पारखावी

लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता, एखादी नवी डिस्ट्रो (लिनक्सचा कुणीतरी बांधून दिलेला तयार संच) पहिल्यांदा उघडली की पहिला अर्धा तास सगळंच आवडतं. स्वच्छ डेस्कटॉप, झटकन उघडणारा मेन्यू, विचार करून निवडलेले रंग. बरेच जण याच अर्ध्या तासात निर्णय घेतात. मीही घेतला होता. एक छोटी, देखणी डिस्ट्रो मी कामाच्या लॅपटॉपवर टाकली आणि रोज सकाळी इमानेइतबारे अपडेट करत राहिलो. रोज एकच ओळ यायची: सगळी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) अद्ययावत आहेत. ती ओळ खोटी नव्हती. जे सर्व्हरवर होतं तेच माझ्या मशीनवर होतं. पण सर्व्हरवर चार महिने नवं काही आलंच नव्हतं. मला ते कळलं एका साइटने ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ म्हणून आत घ्यायला नकार दिला तेव्हा.

त्यानंतर डिस्ट्रो पारखण्याची माझी पद्धतच बदलली. डेस्कटॉप कसा दिसतो हा प्रश्न मी आता सगळ्यात शेवटी विचारतो, कारण तो हवा तसा बदलता येतो. जे बदलता येत नाही ते आधी पाहायचं: ही डिस्ट्रो कोण चालवतं, पॅकेजेस कुठून येतात, काही बिघडलं तर ती कशी वागते आणि उद्या सोडायची वेळ आली तर किती सहज सोडता येईल. छोट्या डिस्ट्रोंवर माझं मनापासून प्रेम आहे. त्यांतल्या काही तर मोठ्यांपेक्षा काटेकोर आहेत. म्हणूनच त्यांना नीट वेळ द्यावा असं वाटतं: वाचनाला दोन संध्याकाळी, लाइव्ह तपासणीला एक पूर्ण दिवस आणि त्यानंतर प्रत्यक्ष वापराचे तीस दिवस.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. २००१पासून चालू असलेल्या, डिस्ट्रोंची माहिती देणाऱ्या डिस्ट्रोवॉच या साइटवरची क्रमवारी पाहून निवड करू नका. त्या साइटवर एखाद्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं, एवढंच तो आकडा सांगतो. किती लोक ती वापरतात आणि ती किती चांगली आहे, हे त्यातून कळत नाही. त्याच साइटवरची पॅकेजांच्या आवृत्त्यांची तक्ते मात्र फार उपयोगी आहेत. त्यांच्याकडे आपण पुढे येऊ.

आधी कूळ विचारा

डिस्ट्रोच्या माहितीपानावर पहिली शोधायची गोष्ट म्हणजे ती स्वतंत्र आहे की दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर उभी आहे. डेबियन आणि स्लॅकवेअर ही दोन घराणी १९९३पासूनची, आर्च २००२ची. आज दिसणाऱ्या बहुतेक छोट्या डिस्ट्रो डेबियन, उबंटू किंवा आर्चच्या वंशातल्या असतात. मोजक्याच पूर्ण स्वतंत्र आहेत, म्हणजे त्यांचा पॅकेज मॅनेजरही (पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन) स्वतःचा आणि प्रत्येक पॅकेजही स्वतः बांधलेलं. व्हॉइड आणि सोलस ही त्याची ठळक उदाहरणं.

वंशज डिस्ट्रो असेल तर पुढचा प्रश्न आणखी महत्त्वाचा: मूळ डिस्ट्रोची रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) ती थेट वापरते की स्वतःकडे प्रत ठेवून, चाळून, उशिरा पुढे देते? एंडेव्हरओएस आर्चची रिपॉझिटरी थेट वापरते आणि त्यावर स्वतःची थोडीशी पॅकेजेस ठेवते. मांजारो आर्चची पॅकेजेस स्वतःच्या शाखांमधून फिरवून देते. दोन्ही रीतींना त्यांची कारणं आहेत, पण डिस्ट्रो बंद पडली तर परिणाम अगदी वेगळे होतात. अँटरगॉस ही आर्चवर आधारलेली डिस्ट्रो मे २०१९मध्ये थांबली. तिच्या वापरकर्त्यांची मशीन चालूच राहिली, कारण मुख्य पॅकेजेस आर्चकडून थेट येत होती. अँटरगॉसची स्वतःची छोटी रिपॉझिटरी काढून टाकली की मागे जवळजवळ निखळ आर्चच उरत होतं. त्याच लोकसमूहातून जुलै २०१९मध्ये एंडेव्हरओएस सुरू झाली.

स्वतंत्र डिस्ट्रोमागे असा आधार नसतो. २०२३च्या सुरुवातीला सोलसचं संकेतस्थळ आणि विकासाची यंत्रणा काही महिने बंद होती. वापरकर्त्यांच्या हातात वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं. पुढे जुन्या-नव्या लोकांनी मिळून ती उभी केली आणि जुलै २०२३मध्ये ४.४ ही आवृत्ती आली. डिस्ट्रो वाचली याचा आनंद आहेच, पण ज्यांचं रोजचं काम त्या मशीनवर होतं त्यांचे ते महिने कसे गेले असतील, हेही लक्षात ठेवायला हवं.

कंपनीचं पाठबळ म्हणजे खात्री, असंही समजू नका. इंटेलने क्लिअर लिनक्स जुलै २०२५मध्ये बंद केली तेव्हा सुरक्षेची अपडेटही त्याच दिवसापासून थांबल्याचं जाहीर केलं.

तर कागदावर पहिली नोंद ही करा: ‘ही डिस्ट्रो उद्या बंद पडली तर माझ्या मशीनला अपडेट कुठून येतील?’ उत्तर ‘कुठूनच नाही’ असं आलं तरी ती बाद होत नाही. पण मग पुढच्या पायरीवर जास्त कडक व्हायचं.

मागची माणसं आणि त्यांचं नाडीपरीक्षण

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. दोन संध्याकाळींपैकी एक पूर्ण इथेच जाते.

डिस्ट्रोचा कोड जिथे ठेवला आहे तिथे जा आणि गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी वाचा. पॅकेजेस रोज बदलतात की महिन्यातून एकदा, ते बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बदल किती वेगवेगळ्या नावांनी झाले आहेत. शंभरातले नव्वद बदल एकाच नावाचे असतील, तर त्या माणसाची नोकरी बदलली किंवा तो आजारी पडला की डिस्ट्रो थांबणार. एकाच माणसावर चालणं हा दोषच आहे असं मी म्हणत नाही. स्लॅकवेअर १९९३पासून प्रामुख्याने एकाच माणसाच्या, पॅट्रिक व्होल्करडिंग यांच्या देखरेखीखाली चालते आहे. तिची १४.२ ही आवृत्ती २०१६मध्ये आली आणि १५.० थेट २०२२मध्ये, पण मधल्या काळात सुरक्षेची अपडेट येत राहिली. तीस वर्षांची अशी शिस्त फार दुर्मीळ आहे. दोन वर्षांच्या डिस्ट्रोकडून ती गृहीत धरता येत नाही.

चाव्या कुणाकडे आहेत हेही पाहा. २०१८मध्ये व्हॉइडचा मूळ निर्माता कित्येक महिने संपर्कात नव्हता आणि डोमेन, कोडची जागा यांवरचा ताबा बाकीच्यांकडे नव्हता. उरलेल्या मंडळींनी ते उघडपणे लोकांना सांगितलं, सगळं नव्या जागी हलवलं आणि डिस्ट्रो आजही जोमात चालू आहे. मला ही गोष्ट व्हॉइडच्या बाजूची वाटते. संकट आलं तेव्हा काम पुढे नेणारी माणसं तिथे होती. तुम्ही पाहात असलेल्या डिस्ट्रोच्या इतिहासात असा एखादा कसोटीचा प्रसंग आहे का ते शोधा आणि तेव्हा लोकांशी कसं बोललं गेलं ते वाचा.

यानंतर दोन ठोस चाचण्या, ज्यांना इन्स्टॉल करायचीही गरज नाही.

पहिली ब्राउझरची. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते. डिस्ट्रोवॉचच्या तक्त्यात किंवा डिस्ट्रोच्या पॅकेज-शोधात आत्ता कोणती आवृत्ती आहे ते पाहा आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या ताज्या आवृत्तीशी जुळवा. नंतर पॅकेजच्या नोंदवहीत मागच्या पाच आवृत्त्या शोधा आणि प्रत्येक वेळी किती दिवसांचा उशीर झाला ते लिहून काढा. दोन, तीन, एक, चार, दोन असे आकडे आले तर कुणीतरी जागं आहे. दोन, पाच, एकोणीस, एकतीस असे वाढत जाणारे आकडे आले तर माणसं थकत चालली आहेत. काही डिस्ट्रो दीर्घ मुदतीची ईएसआर आवृत्ती देतात. तीही चालते, मात्र तुलना ईएसआरच्याच ताज्या आवृत्तीशी करा.

दुसरी चाचणी मागे जाऊन करायची. २९ मार्च २०२४ रोजी प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार (बॅकडोर) जाहीर केलं. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरण्याच्या साधनाने) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना ते त्यांना सापडलं होतं. ती तारीख घेऊन तुमच्या डिस्ट्रोच्या बातम्यांच्या पानावर जा. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काही लिहिलं होतं का? ‘आमच्याकडे ती आवृत्ती नव्हती’ एवढी ओळ असली तरी चांगलं, कारण कुणीतरी तपासून पाहिलं असा त्याचा अर्थ. आठवडाभर शांतता असेल तर ती मोठ्या अक्षरांत नोंदवा. डिस्ट्रो त्याहून जुनी असेल तर २६ जानेवारी २०२१ला उघड झालेल्या, सुडो या प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या साधनातल्या दोषासाठीही हेच करून पाहा.

फाइल उतरवताना

इथे थोडक्यात. आयएसओ फाइल (डिस्ट्रोची पूर्ण प्रत) फक्त अधिकृत जागेवरून घ्या, शा-२५६ चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) जुळवा आणि जीपीजी सहीही (बांधणाऱ्यांची डिजिटल सही) तपासा. चेकसमवर थांबू नका. २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटच्या साइटवर हल्ला झाला आणि मिंट १७.३च्या सिनॅमन आवृत्तीची लिंक बनावट आयएसओकडे वळवली गेली. साइटच ताब्यात गेली की तिच्यावर छापलेला चेकसमही बदलता येतो. सहीची चावी मात्र वेगळ्या जागी असते. डिस्ट्रो सही देतच नसेल, तर तिला सुरक्षेची किती काळजी आहे याचा अंदाज इथेच येतो.

लाइव्ह चालवताना: स्वतःच्याच मशीनवर

व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्ट्रो चालवून पाहणं सोपं आहे, पण त्यातून फक्त तिचा चेहरा दिसतो. वायफाय, आवाज, ग्राफिक्स, बॅटरी यांबद्दल ते काहीच सांगत नाही. ज्या मशीनवर रोज काम करणार त्याच मशीनवर पेनड्राइव्हने बूट करा.

बूट होण्याआधीच एक अडथळा येऊ शकतो: सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी मशीनची सोय. मोठ्या डिस्ट्रो मायक्रोसॉफ्टने सही केलेला शिम (बूटच्या सुरुवातीचा छोटा प्रोग्राम) वापरून हा दरवाजा पार करतात. पुष्कळ छोट्या डिस्ट्रोंना ती सही मिळवणं जमलेलं नसतं, त्यामुळे सिक्युअर बूट बंद करावं लागतं. ते बंद करायला तुमची हरकत नसेल तर प्रश्न नाही. पण त्याच मशीनवर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) लावलेलं विंडोज असेल तर आधी त्याची रिकव्हरी चावी मशीनबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. हा बदल केल्यावर विंडोज ती चावी मागू शकतं.

आत शिरल्यावर वायफाय जोडा, आवाज लावा, मायक्रोफोनवर स्वतःचा आवाज मुद्रित करून परत ऐका, कॅमेरा उघडा, ब्लूटूथचे हेडफोन जोडा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं दाबून पाहा, दुसरा मॉनिटर लावा आणि काढा. मॉनिटर काढल्यावर खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर परत येतात का, हे लोक विसरतात आणि नंतर हरवलेल्या खिडक्या शोधत बसतात. पडदा दाट पिक्सेलांचा असेल तर आकार १२५ किंवा १५० टक्के करून अक्षरं धूसर होत नाहीत ना ते तपासा. जे चालत नाही ते लगेच दुरुस्त करत बसू नका, फक्त लिहा. काही वायफाय चिपांचे ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (चिपसाठीचं छोटं सॉफ्टवेअर) परवान्यामुळे लाइव्ह प्रतीत नसतात आणि इन्स्टॉल केल्यावर सहज मिळतात. म्हणून नोंदीसमोर ‘फर्मवेअर मिळतं का?’ असा प्रश्न टाका आणि उत्तर शोधा.

झोपेची तपासणी मात्र मनापासून करा. बहुतेक जण झाकण बंद करतात, दहा सेकंदांनी उघडतात, पडदा उजळला की समाधानी होतात. मीही तेच केलं होतं आणि एका प्रवासात बॅगेतून लॅपटॉप काढला तो हाताला चटका बसेल इतका तापलेला. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, बॅटरी सहा टक्के. झाकण बंद केल्यावर पडदा तेवढा विझला होता. प्रोसेसर जागाच होता. तेव्हा चार्जर काढा, बॅटरीचा आकडा लिहा, झाकण बंद करा आणि किमान दोन तास हातही लावू नका. उघडल्यावर आकडा पाहा, वायफाय आपोआप जोडलं जातं का, आवाज येतो का, टचपॅड हलतो का तेही पाहा. इन्स्टॉल केल्यावर हीच चाचणी रात्रभर करा. आठ तासांत तीन-चार टक्के उतरली तर उत्तम. पंधरा-वीस टक्के उतरली तर मशीन खोल झोपेत जात नाही. अनेक नव्या लॅपटॉपांत जुनी खोल झोप मुळातच नसते आणि एस-टू-आयडल हा हलका प्रकारच मिळतो. अशा वेळी दोष डिस्ट्रोचा की मशीनचा, हे ठरवायला एखादी मोठी, परिचित डिस्ट्रो त्याच मशीनवर लाइव्ह चालवून दोन आकडे शेजारी ठेवा. माझ्या दृष्टीने तुलनेची ही एकच प्रामाणिक रीत आहे.

रिकाम्या डेस्कटॉपवर किती मेमरी लागते याचे आकडे लोक अभिमानाने मिरवतात. मी त्यांना फारसं महत्त्व देत नाही. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले की तो कोणत्याही डिस्ट्रोवर साधारण तेवढीच मेमरी घेणार. मशीनमध्ये दोन-चार जीबीच मेमरी असेल तर हलक्या डेस्कटॉपचा फरक जाणवेल. आठ जीबी असेल तर त्या आकड्यासाठी सोयी सोडू नका.

इन्स्टॉल: परतीची वाट ठेवून

आधी बॅकअप. आणि तो उघडून पाहिलेला असावा, नुसता घेतलेला नको.

शक्य असेल तर नवी डिस्ट्रो वेगळ्या डिस्कवर टाका. एकाच डिस्कवर टाकायची असेल तर जागा आधीच मोकळी करून ठेवा आणि इन्स्टॉलरच्या शेवटच्या पानावर, जिथे आधीचं आणि नंतरचं पार्टिशनचं चित्र दिसतं तिथे, थांबा. छोट्या डिस्ट्रोंमध्ये बहुधा कॅलामारेस हा इन्स्टॉलर असतो आणि तो हे चित्र छान दाखवतो. ईएफआय पार्टिशनसमोर, म्हणजे बूटच्या फाइली असतात त्या भागासमोर, ‘फॉर्मॅट’ असं लिहिलेलं नाही ना ते नीट पाहा. ते फॉर्मॅट झालं तर शेजारच्या सिस्टिमचा बूटलोडरही जाईल.

जुन्या डिस्ट्रोचं होम पार्टिशन (तुमच्या फाइली आणि सेटिंग असलेला भाग) नव्या डिस्ट्रोला तसंच जोडण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. मला तो पटत नाही. होममध्ये प्रत्येक ॲपच्या लपवलेल्या सेटिंग फाइली असतात. नव्या आवृत्तीने त्या बदलल्या की जुन्या डिस्ट्रोतली जुनी आवृत्ती गोंधळते. ब्राउझर तर जुन्या आवृत्तीत नवं प्रोफाइल उघडायलाच नकार देतो. त्यापेक्षा दोन्हीकडे होम वेगळं ठेवा आणि कागदपत्रं, फोटो, कामाच्या फाइली तिसऱ्या सामाईक पार्टिशनवर ठेवून दोन्हीकडून जोडा.

लॅपटॉप घराबाहेर नेत असाल तर इन्स्टॉल करतानाच डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय आहे का ते पाहा. नंतर ते करणं फार कटकटीचं असतं. फाइल सिस्टिम बीटीआरएफएस असेल आणि डिस्ट्रो अपडेटआधी आपोआप स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची प्रत) घेत असेल, तर तिला माझ्याकडून जास्तीचे गुण. नसेल तर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉट घेणारं साधन लावा.

रोजच्या कामाची यादी

परीक्षा तुमच्याच कामाने घ्यायची. गेल्या महिन्यात मशीनवर काय काय केलं ते आठवून लिहा आणि एकेक करून पाहा. मला हमखास अडखळायला लावणाऱ्या तीन-चार जागा सांगतो.

व्हिडिओ कॉलमध्ये पडदा दाखवणं ही पहिली. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) हे काम पाइपवायर (आवाज आणि चित्र पोचवणारी सेवा) आणि डेस्कटॉप पोर्टल (ॲपला पडदा पाहू देणारा दुवा) मिळून करतात. छोट्या डिस्ट्रोत, विशेषतः खिडक्यांची मांडणी स्वतः करायला लावणाऱ्या हलक्या डेस्कटॉपवर, योग्य पोर्टल बसवलेलं नसतं. परिणाम असा की कॉल चालतो, आवाज जातो, पण पलीकडच्यांना काळा पडदा दिसतो. खरी बैठक असण्याआधी दुसऱ्या खात्याने स्वतःलाच कॉल लावून हे पाहा.

दुसरी, पॅकेजांची उपलब्धता. डेबियनकडे साठ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. छोट्या डिस्ट्रोकडे त्याच्या काही हिश्श्यातच असणार आणि त्यात गैर काही नाही. तुम्हाला लागणारी वीस पॅकेजेस आहेत का, एवढंच पाहा. रिपॉलॉजी या साइटवर एकेक नाव टाकलं की कोणत्या डिस्ट्रोत कोणती आवृत्ती आहे ते कळतं. नसलेली पॅकेजेस फ्लॅटहब या साठ्यावरून फ्लॅटपॅकने (वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणाऱ्या पॅकेज-प्रकाराने) मिळतात, आणि छोट्या डिस्ट्रोंचं जगणं या एका सोयीने खरोखर सुसह्य केलं आहे. इथे एक तांत्रिक खाच आहे: प्रोग्रामांना लागणारी मूळ सी लायब्ररी कोणती, म्हणजे डिस्ट्रो जीलिबसीवर आहे की मसलवर? व्हॉइड दोन्ही प्रकारांत मिळते, अल्पाइन मसलवर चालते. फक्त जीलिबसीसाठी बांधलेले बंदिस्त ॲप मसलवर थेट चालत नाहीत. फ्लॅटपॅक मात्र आपली लायब्ररी सोबत आणत असल्यामुळे तिथेही चालतं. रोजच्या डेस्कटॉपसाठी जीलिबसीचा प्रकार घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी, मराठी. पुष्कळ डिस्ट्रो इथेच घसरतात आणि परीक्षणांत याचा उल्लेखही नसतो. लिबरऑफिस उघडा आणि ‘दुसऱ्या वाऱ्यावर ॲप उघडलं’ हे वाक्य स्वतः टाइप करा. ‘ऱ्य’मधला र अर्धचंद्रासारखा दिसायला हवा. पूर्ण ‘ऱ’च्या पायाला हलन्त लटकलेला दिसला तर फाँट किंवा अक्षरजुळणी कच्ची आहे. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर फाँट जुना आहे, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये आलं. नोटो देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाकून पुन्हा पाहा. इनस्क्रिप्टवर लिहिणाऱ्यांना नुसता कीबोर्ड लेआउट जोडला की पुरतं. फोनेटिकवाल्यांना आयबस किंवा एफसीआयटीएक्स (टाइप केलेलं देवनागरीत बदलणारं साधन) लागतं, आणि ते लॉगिनसोबत आपोआप सुरू होतं का, टर्मिनलमध्ये, ब्राउझरमध्ये आणि फ्लॅटपॅकमधल्या ॲपमध्ये चालतं का, हे तिन्ही ठिकाणी वेगवेगळं तपासा. एका ठिकाणी चाललं म्हणजे सगळीकडे चालेल असं होत नाही.

छपाई आता बरीच सोपी झाली आहे. नवे नेटवर्क प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. जुना यूएसबी प्रिंटर किंवा स्कॅनर असेल तर मात्र तो जोडूनच पाहा.

तीस दिवस

आता खरा वापर. पहिले नऊ-दहा दिवस काही मोजू नका, फक्त काम करा आणि जिथे हात अडला ती जागा तारखेसह लिहून ठेवा. प्रत्येक दुरुस्तीपुढे किती वेळ गेला तेही लिहा. महिन्याच्या शेवटी ही वही तुमच्या आठवणीपेक्षा जास्त खरं सांगेल.

दहाव्या दिवसानंतर डिस्ट्रोला मुद्दाम त्रास द्या. आधी एक जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडून बूट करा. बूट मेन्यूत जुना कर्नल ठेवलेलाच नसेल, तर एक वाईट अपडेट आलं की पेनड्राइव्ह शोधावा लागणार. मग स्नॅपशॉटवर परत जाऊन पाहा. संकटात पहिल्यांदा करण्याऐवजी हे आत्ता, डोकं शांत असताना करा. मशीनमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर कर्नलच्या पुढच्या अपडेटला विशेष लक्ष द्या. कर्नल नवा आला आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल त्याच्यासाठी पुन्हा बांधलं गेलं नाही, तर पुढच्या बूटला काळा पडदा येतो. चांगली डिस्ट्रो हे दोन्ही एकत्रच आणते.

डिस्ट्रो रोलिंग पद्धतीची असेल, म्हणजे आवृत्त्या न काढता सतत बदलणारी, तर अपडेट तीन आठवडे थांबवा आणि मग एकदम करा. आपण सगळेच कधीतरी प्रवासात किंवा आजारपणात असतो. तीन आठवड्यांच्या साचलेल्या अपडेटने जी कोलमडते, ती रोजच्या वापराला माझ्या मते योग्य नाही. अपडेट होताना वर सरकणारा मजकूर वाचा. तुम्ही बदललेल्या सेटिंग फाइलचं काय केलं, हे ती सांगते का, की गुपचूप पुसून टाकते?

याच काळात एकदा मदत मागा. आधी कागदपत्रं वाचा. आर्चचा विकी जवळजवळ कुठल्याही डिस्ट्रोवर कामाला येतो, पण पॅकेज मॅनेजर आणि सेवा सुरू करण्याची रीत वेगळी असेल तर डिस्ट्रोची स्वतःची कागदपत्रं लागतातच. व्हॉइडवर सेवा सुरू-बंद करायला सिस्टमडी नाही, रनइट आहे, त्यामुळे इतरत्र मिळालेल्या सेवांच्या सूचना तिथे लागू पडत नाहीत. कागदपत्रांत उत्तर मिळालं नाही तर प्रश्न विचारा: मशीन कोणतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि लॉगमधल्या संबंधित ओळी. उत्तर कितव्या दिवशी येतं आणि कोणत्या सुरात येतं, दोन्ही लिहून ठेवा.

वही उघडून ठरवताना

तीस दिवसांनी वहीतल्या नोंदींना दोन खुणा करा. एकदा दुरुस्त करून संपलेल्या नोंदी सोडून द्या. कोणतीही नवी सिस्टिम लावताना तेवढं होतंच. परत परत आलेल्या नोंदींवरच निर्णय घ्या. वायफायसाठी दर दोन दिवसांनी हात घालावा लागत असेल, तर डेस्कटॉप कितीही देखणा असो, ती माझ्या कामाच्या मशीनवर राहात नाही. दुसऱ्या मशीनवर, आवडीने चालवायला, खुशाल ठेवतो.

सोडायचं ठरलं तर इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांची यादी, ब्राउझरचं प्रोफाइल, एसएसएच आणि जीपीजीच्या चाव्या आणि वही एवढं बाहेर काढा. त्यानंतर पार्टिशन पुसताना बूट मेन्यूतली जुनी नोंदही काढून टाका, नाहीतर ती वर्षभर तिथेच दिसत राहते.

राहायचं ठरलं तर डिस्ट्रोच्या घोषणा आपल्यापर्यंत आपोआप येतील अशी सोय करा आणि महिन्यातून एकदा ब्राउझरची आवृत्ती मोझिलाच्या ताज्या आवृत्तीशी जुळवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि वहीतली निदान एक नोंद दोष म्हणून त्यांच्याकडे रीतसर नोंदवा. मोठ्या डिस्ट्रोत अशी नोंद हजारोंच्या रांगेत उभी राहते. एका छोट्या डिस्ट्रोच्या पॅकेजमध्ये मराठी शब्दकोशाची फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये जात होती, त्यामुळे लिबरऑफिस प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल रेघ ओढायचं. मी दुपारी चार ओळी लिहून पाठवल्या. ते पॅकेज ज्याने बांधलं होतं त्याचंच उत्तर आलं, त्याने मला दोन फाइली तपासायला सांगितल्या, आणि रात्री अपडेट केलं तेव्हा लाल रेघा गेल्या होत्या.